पहिली चिठ्ठी हातात पडल्यावर : स्किझोफ्रेनियाची औषधे घरी कशी सांभाळावीत

गोव्यातील बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत औषधांच्या खिडकीसमोर उभे असलेले नवे कुटुंब ओळखायला वेळ लागत नाही. एकाच्या हातात केसपेपर असतो, दुसऱ्याने आजारी माणसाचा दंड धरलेला असतो, आणि खिडकीतून तीन प्रकारच्या गोळ्या पुढे आल्या की ‘ही सकाळी, ही रात्री, ही दोन्ही वेळा’ एवढे ऐकून सगळे मान डोलावतात. घरी पोहोचेपर्यंत कोणती गोळी कशासाठी दिली आहे, हे कोणालाच आठवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि संशय यांचा दीर्घ मानसिक आजार आहे. गेली १९ वर्षे मी तिची औषधे सांभाळते आहे, आणि पहिल्या दिवशी आमचीही हीच गत झाली होती. मी डॉक्टर नाही. या लेखात जे मात्रांचे आकडे येतील ते चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहेत. त्यांच्या आधारे कोणीही गोळी वाढवू, कमी करू किंवा बदलू नये.

सर्वांत आधी एक शंभर पानी वही आणावी. डॉक्टर आजारी माणसाला महिन्यातून दहा-पंधरा मिनिटे पाहतात. उरलेला महिना तो घरच्यांच्या डोळ्यांसमोर असतो. औषध लागू पडते आहे की नाही आणि त्याचा त्रास होतो आहे की नाही, हे ठरवायला लागणारी बहुतेक माहिती घरातच असते, पण ती लिहून ठेवली नाही तर ओपीडीच्या खुर्चीत बसल्यावर ‘बरे आहे’ या दोन शब्दांपलीकडे काही सुचत नाही. झोप किती तास लागली, जेवण किती झाले, आवाज ऐकू येण्याविषयी आजारी माणूस काय म्हणाला, गोळी चुकली का आणि अंगात काही नवीन दिसले का, एवढे रोज दोन ओळींत लिहावे. पुढचे सगळे या वहीच्या आधाराने चालते.

औषध कोठे मिळते

बांबोळीला गोमेकॉजवळची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळची, मानसोपचार व मानवी वर्तणूक संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, ही राज्यातील या आजाराच्या उपचारांची मुख्य सरकारी जागा आहे. पूर्वी हे इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होते आणि त्याला आबे फारियांचे नाव होते. माझ्या आईच्या पिढीतील माणसे ‘आल्तिनोला नेले’ हे शब्द आवाज खाली आणून उच्चारत. ती भीती आता बाळगण्याचे कारण नाही, कारण बहुतेक रुग्ण ओपीडीत तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परततात. म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचार विभाग आहेत, त्यामुळे पेडण्याच्या किंवा काणकोणच्या माणसाने दर वेळी बांबोळीच गाठली पाहिजे असे नाही. पहिले निदान आणि औषधाची बसवणूक झाली की पुढच्या तपासण्या जवळ करता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी इस्पितळांत विनामूल्य मिळण्याचा हक्क दिलेला आहे. खिडकीत एखादी गोळी नसेल तर ‘बाहेरून घ्या’ एवढ्यावर न थांबता, त्याच यादीतील दुसरे औषध चालेल का, हे डॉक्टरांकडे परत जाऊन विचारणे हा आपला अधिकार आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत डॉक्टरांच्या आधी देवळात कौल लावला जातो आणि घाड्याला, म्हणजे मांत्रिकाला, विचारले जाते. आमच्याही घरी तसेच झाले आणि त्यात आठ महिने गेले. मी कोणाच्या श्रद्धेला हात लावू इच्छित नाही; देवाचा प्रसाद घ्यावा, नवस बोलावा, पण गोळी त्याच दिवशी सुरू करावी. पहिल्या आजारपणात उपचार जितके लांबतात तितके बरे होणे कठीण होत जाते, हे जगभरच्या अनुभवातून स्पष्ट झालेले आहे. मला आजही सर्वाधिक हळहळ वाटते ती त्या आठ महिन्यांची.

चिठ्ठी कशी वाचावी

चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ असे लिहिलेले असते, म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. यातील एसओएसची गोळी सर्वांत घोटाळा करते. नेमकी कोणती गरज पडली असता आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा द्यायची, हे विचारल्याशिवाय तेथून उठू नये.

कंपनी बदलली की नाव, रंग आणि आकार बदलतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर औषधाचे मूळ नाव लिहावे. ते पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले असते. एकदा आमच्याकडे पांढऱ्या गोळीऐवजी त्याच औषधाची पिवळसर गोळी आली आणि ताईने ‘ही विषाची आहे’ म्हणून ती तीन दिवस घेतली नाही. त्यानंतर नवी पट्टी आली की मी मूळ नाव तिलाच वाचायला लावते.

बहुतेक चिठ्ठ्यांवर तीन प्रकारची औषधे असतात. पहिले मूळ आजारावरचे. त्यात हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, क्लोरप्रोमाझिन ही जुनी आणि रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अॅरिपिप्राझोल, अॅमिसल्प्राइड ही नंतरची औषधे येतात. दुसरे ट्रायहेक्सिफेनिडिल, बहुधा २ मिलिग्रॅमचे. ते आजारावर नसून पहिल्या औषधाने अंग आखडू नये किंवा हात कापू नयेत यासाठी असते, आणि उशिरा घेतल्यास झोप उडवू शकते, म्हणून ते बहुधा दिवसा देतात. तिसरे लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम, म्हणजे झोप आणि शांतता आणणारे औषध. ते थोड्या काळासाठीच असते आणि सवय लावणारे असल्याने किती दिवसांनी कमी करायचे ते आधीच विचारून ठेवावे. पुष्कळ घरांत पहिले औषध संपले तरी चालते आणि झोपेची गोळी संपली की धावपळ होते, कारण तिचा परिणाम त्याच रात्री दिसतो. प्रत्यक्षात आजार धरून ठेवते ते पहिले औषध.

आणखी एक गैरसमज आकड्यांचा. क्वेटियापिनची गोळी ४०० मिलिग्रॅमची आणि रिस्पेरिडोनची ४ मिलिग्रॅमची पाहून पहिली शंभरपट ‘कडक’ आहे असे शेजारीपाजारी सांगतात. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे नाहीत. रिस्पेरिडोन साधारणपणे २ ते ६, ओलान्झापिन ५ ते २०, अॅरिपिप्राझोल १० ते ३० मिलिग्रॅम या पट्ट्यात दिले जाते. प्रत्येक औषधाचे माप वेगळे आहे.

औषध करते काय

मेंदूतील पेशी एकमेकींशी ज्या रसायनांच्या साहाय्याने बोलतात त्यांपैकी एक डोपामिन आहे. समोर घडणाऱ्या शेकडो गोष्टींपैकी कोणती आपल्यासाठी महत्त्वाची, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या काही भागांत त्याचे काम प्रमाणाबाहेर वाढते, आणि मग रस्त्यावरून गेलेल्या माणसाचे खाकरणे, दूरदर्शनवरील निवेदकाचे वाक्य, शेजारणीने बंद केलेली खिडकी, हे सगळे आपल्याविषयीच आहे असे वाटू लागते. औषधे डोपामिनचा तो जोर खाली आणतात. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये झां दले आणि पिएर डनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिनने या आजाराची लक्षणे ओसरतात हे प्रथम दाखवले. तोपर्यंत या आजारावर खात्रीने लागू पडणारे औषध जगात नव्हते.

यावरून औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी हेही समजते. भास, संशय आणि विस्कळीत बोलणे यांवर ते चांगले काम करते. एकलकोंडेपणा, निरुत्साह, आंघोळीचा कंटाळा, चेहऱ्यावरचे भाव ओसरणे यांवर मात्र त्याचा परिणाम तोकडा असतो. आवाज थांबले तरी माणूस दिवसभर पडून राहतो, म्हणून त्याला आळशी म्हणू नये आणि औषध निकामी झाले असेही समजू नये. त्या भागासाठी ठरलेली दिनचर्या, छोटी कामे आणि माणसांची सोबत लागते.

पहिले सहा आठवडे

पहिल्या काही दिवसांत झोप लागते आणि चिडचिड, धावपळ कमी होते. संशय आणि आवाज ओसरायला दोन आठवड्यांपासून सुरुवात होते आणि पुरता परिणाम कळायला योग्य मात्रेवर चार ते सहा आठवडे जातात. आवाज बहुधा एका दिवसात बंद पडत नाहीत. ते आधी दूर जातात, मग अधूनमधून येतात, मग येऊनही तितके खरे वाटत नाहीत. हा क्रम वहीत टिपला तर ‘काहीच फरक नाही’ असे वाटत असताना फरक सापडतो.

या काळात दोन गोष्टी घरच्यांना घाबरवतात आणि त्या दोन्ही आधी ठाऊक असलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे अचानक मान एका बाजूला वळणे, जीभ किंवा जबडा आखडणे, किंवा डोळे वर चढून तेथेच थांबणे. हे विशेषतः तरुणांत, हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानंतर पहिल्या काही दिवसांत होते. ज्यांनी अंगात येताना पाहिले आहे त्यांना हा भारच वाटतो आणि नारळ, लिंबू शोधायला माणसे धावतात. तो औषधाचा परिणाम असतो. जवळच्या इस्पितळात जाऊन औषधाचे नाव सांगितले तर एका इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात उतरतो. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. जोराचा ताप, अंग लाकडासारखे ताठ होणे, खूप घाम, छातीत धडधड आणि भान हरपणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर पुढची गोळी न देता त्याच घटकेला मोठ्या इस्पितळात न्यावे. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक ताप डेंग्यूचा किंवा मलेरियाचा समजला जातो, म्हणून तापासोबत अंग ताठ आहे का, हे हात कोपरात वाकवून पाहावे आणि डॉक्टरांना ‘मानसिक आजाराचे औषध चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

न थांबणारे पाय

हा भाग मी थोडा विस्ताराने लिहिते आहे, कारण आमच्या घरात सर्वांत मोठी चूक येथे झाली. हॅलोपेरिडॉल सुरू होऊन बारा दिवस झाले होते. ताई संध्याकाळी बलकांवावर, म्हणजे दारासमोरच्या ओट्यावर, बसायची आणि मिनिटाभरात उठायची. तुळशीपर्यंत जायची, परत यायची, बसायची, पुन्हा उठायची. उभी राहिली तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायची, जशी कोणी तापलेल्या वाळूवर उभी आहे. रात्री अंथरुणात तिचे पाय चादरीवर घासल्याचा आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू येई. ‘आतून कोणीतरी ढकलते’ असे ती म्हणाली तेव्हा आम्ही समजलो की आजार वाढला. तेव्हा ज्या दवाखान्यात आम्ही गेलो तेथेही तेच समजले गेले, मात्रा वाढवली गेली आणि त्या रात्री ती विहिरीकडे निघाली होती.

या त्रासाला वैद्यकात अकाथिसिया म्हणतात. तो औषधामुळे होतो, मात्रा वाढवली की वाढतो, आणि असह्य झाल्यास माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात. आजाराची अस्वस्थता आणि ही अस्वस्थता वेगळी ओळखण्याची साधी रीत अशी की माणसाला शांतपणे विचारावे, ‘मन अस्वस्थ आहे की पाय? तुला बसायचे आहे पण बसता येत नाही, असे होते का?’ औषध सुरू झाल्यानंतर किंवा वाढवल्यानंतर काही दिवसांत हे सुरू झाले असेल आणि उत्तर पायांकडे बोट दाखवत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रानोलोलसारखे औषध जोडणे हे उपाय असतात. ताईच्या बाबतीत औषध बदलले आणि पाचव्या दिवशी तिने एका जागी बसून पेजेचे अख्खे ताट संपवले. वहीत मी त्या दिवशी फक्त ‘बसून जेवली’ एवढेच लिहिले आहे.

इतर दुष्परिणाम

अंग संथ होणे, हात कापणे, चहाचा कप बशीवर खडखडणे, चालताना हात न हलणे हे जुन्या औषधांनी आणि रिस्पेरिडोनच्या जास्त मात्रेने दिसते. ते सांगितले की कमी करता येते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, आणि भूकही अशी लागते की पोदेराच्या (पाववाल्याच्या) सकाळच्या पावांपैकी घराला काही उरत नाही. खाण्यावरून टोचून बोलण्यापेक्षा पहिल्या दिवशीचे वजन आणि कमरेचे माप लिहून ठेवावे, पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन पाहावे, आणि उपाशीपोटीची साखर व चरबीची तपासणी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि नंतर दर वर्षी करून घ्यावी.

रिस्पेरिडोन आणि अॅमिसल्प्राइड यांनी पाळी थांबू शकते किंवा छातीतून दूध येऊ शकते. पुरुषांमध्ये लैंगिक अडचणी येतात, आणि माझ्या पाहण्यात गुपचूप गोळी सोडणाऱ्या तरुण मुलग्यांपैकी कितीतरी जणांचे खरे कारण हेच होते. आई किंवा बहीण हे विचारू शकत नसेल तर डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलावे अशी विनंती करावी. वर्षानुवर्षांच्या औषधानंतर ओठ, जीभ किंवा जबडा आपोआप हलू लागला तर ते लवकर दाखवावे, कारण ते पुढे कायमचे राहू शकते.

उन्हाचाही विचार करावा. ही औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता कमी करतात आणि क्लोरप्रोमाझिनने त्वचा उन्हात लवकर भाजते. एप्रिल-मेमध्ये काजूच्या बागायतीत किंवा मिठागरात काम करणाऱ्याने दुपारची वेळ टाळावी, टोपी वापरावी आणि पाणी जास्त प्यावे.

गोळी देताना

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधावी. आमच्याकडे ती रात्रीच्या जेवणानंतर ताट धुण्याच्या आधी असते. आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा घ्यावा आणि तो शक्यतो आजारी माणसाने स्वतः आपल्यासमोर भरावा. पावसाळ्यात आपल्या घरांत मिठालाही पाणी सुटते, म्हणून गोळ्या पट्टीतून फार आधी सोडवू नयेत आणि चुलीजवळ किंवा न्हाणीजवळ ठेवू नयेत. महिन्याचा मोठा साठा कुलपात असावा, विशेषतः माणूस निराश असताना.

रात्रीची गोळी विसरली आणि झोपायच्या आत आठवली तर द्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नयेत.

गोळी पेजेत किंवा हुमणात (माशांच्या आमटीत) कुटून लपवून देण्याचा मोह फार होतो. मी तो टाळायला सांगेन. ज्या माणसाला आधीच वाटते की घरचे आपल्या अन्नात काही घालतात, त्याला एक दिवस पांढरा चुरा ताटाच्या कडेला सापडला की त्याचा संशय खरा ठरतो, आणि मग जेवणही सुटते व आपल्यावरचा विश्वासही. त्याऐवजी नकाराचे कारण शोधावे. ‘तुला आजार आहे’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘या गोळीने तुला झोप लागते, ती घेऊ या’ असे त्याला पटलेल्या गोष्टीवर बोलावे. गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकली जात असेल तर आरडाओरड न करता डॉक्टरांना सांगावे. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या आणि पातळ औषधे मिळतात.

रोजची गोळी हाच रोजचा तंटा झाला असेल तर लांब पल्ल्याच्या इंजेक्शनविषयी विचारावे. फ्लुफेनाझिन डेकानोएट दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल डेकानोएट बहुधा महिन्यातून एकदा आणि पॅलिपेरिडोन महिन्यातून एकदा स्नायूत देतात. ही शिक्षा नाही, आणि ती शिक्षेसारखी सांगूही नये. कित्येकांना त्यात मोकळेपणा वाटतो, कारण घरात रोज ‘गोळी घेतली का’ हा प्रश्न उरत नाही.

फेणी, विडी आणि उपास

उर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत घरोघरी आग्रह होतो. दारूने या औषधांची गुंगी वाढते, गोळ्या चुकतात आणि आजार उलटतो, म्हणून नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. गांजाने तर हा आजार सरळ भडकतो. विडी-सिगारेटचा संबंध कमी लोकांना ठाऊक असतो. धुरामुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवून टाकते, म्हणून ओढणाऱ्याला जास्त मात्रा लागते. त्याने ओढणे एकदम थांबवले तर तीच मात्रा अंगावर येते. सोडणे उत्तमच, पण त्याआधी डॉक्टरांना सांगावे.

एकादशी असो, चतुर्थीचा उपास असो की शिरगावच्या जत्रेपूर्वीचे धोंडांचे (व्रतस्थ भक्तांचे) व्रत, गोळी थांबवू नये. पाण्यासोबत घेतलेल्या गोळीने व्रत मोडते असे मला कोणत्याही भटजींनी सांगितलेले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे, दातांच्या दवाखान्यात किंवा वैद्यांकडे जाताना वही सोबत न्यावी. उदाहरणार्थ, सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतूंवरचे सर्रास दिले जाणारे औषध क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढवते.

दोन औषधांनी गुण आला नाही तर

पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे, खरोखर घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर क्लोझापिनचा विचार होतो. ‘खरोखर घेतलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत आणि त्याचा पुरावा आपल्या वहीत असतो. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटून मृत्यू झाले आणि ते पुष्कळ ठिकाणी मागे घेतले गेले. १९८८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इतर औषधांनी बरे न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के क्लोझापिनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझिनने केवळ ४ टक्के. त्यानंतर रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले.

ते १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. आपल्याकडे साधारणपणे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला रक्त तपासतात. पेशी धोकादायकरीत्या घटण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे, पण घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. झोपेत लाळ गळते, उशीवर टॉवेल टाकावा. बद्धकोष्ठ मात्र हसण्यावारी नेऊ नये, कारण आतडे बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शौच कधी झाले हे वहीत लिहावे आणि तीन दिवस झाले नाही तर दाखवावे. सलग ४८ तासांहून अधिक काळ गोळी चुकली तर जुनी मात्रा स्वतःहून सुरू करू नये. ती पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून वर न्यावी लागते. म्हणून मुंबईला लग्नाला जाताना चार दिवसांच्या गोळ्या जादा घ्याव्यात आणि त्या बॅगेत नव्हे, अंगाजवळ ठेवाव्यात.

किती वर्षे

पहिल्या आजारातून बरे झाल्यानंतरही किमान एक ते दोन वर्षे आणि आजार उलटलेला असेल तर पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्या आजारानंतर औषध बंद करणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. फसगत होते ती अशी की बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच बिघडत नाही, उलट तरतरी येते, आणि आजार काही महिन्यांनी परततो. कमी करायचेच ठरले तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन्महिने, आणि परीक्षा, बाळंतपण किंवा घरातील मोठे कार्य जवळ नसताना करावे. गर्भ राहिल्याचे कळताच औषध एकदम सोडणेही असेच धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना भेटावे.

आजार परतताना प्रत्येकाची चाहूल वेगळी असते आणि ती बहुधा दर वेळी सारखीच असते. ताईची झोप दोन रात्री तुटते आणि ती आरसा झाकून ठेवते. असा आरसा झाकलेला दिसला की आम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जातो, आणि दोनदा तर इस्पितळात दाखल होणे त्यामुळे टळले.

घरच्यांना एकट्याने हे पेलवत नसेल तर मदत मागावी. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात गोव्यातील ‘संगाथ’ ही संस्था सहभागी होती. त्यात प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जात, आणि नुसत्या इस्पितळातील उपचारांपेक्षा अशा जोड-मदतीने रुग्णांची स्थिती काही प्रमाणात अधिक सुधारली. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. दीर्घ आजार असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो. त्यासाठी जुने केसपेपर फेकू नयेत.

२०१७ च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. माणूस बरा असताना, पुढे आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवू शकतो. त्याची रीतसर नोंद कशी करायची ते इस्पितळातील समाजसेवकांना विचारावे. ती होईपर्यंत वहीचे शेवटचे पान त्यासाठी मोकळे ठेवावे आणि ते आजारी माणसाच्याच हाताने लिहून घ्यावे. आमच्या वहीच्या त्या पानावर ताईच्या अक्षरात पहिली ओळ अशी आहे : ‘हॅलोपेरिडॉल दिल्यास माझे पाय थांबत नाहीत. हे नव्या डॉक्टरांना आधी सांगावे.’